लंकेची यादवी जुलै ८३ मध्ये सुरू झाली नाही

कोयनाकाठ

परवा सडेतोड यांनी श्रीलंकेवर लिहिलं, त्याचा गोषवारा असा: ८३ सालापर्यंत बेटावर सगळं सुरळीत होतं, तमिळ वाघांचा (एलटीटीई) म्होरक्या प्रभाकरन याची हाव आणि दिल्लीची फूस यांमुळे यादवी पेटली, शेवटी राष्ट्राध्यक्ष राजपक्षेंनी मनावर घेतलं आणि तीन वर्षांत निकाल लावला. त्याखाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रभाकरनचा जन्म १९५४ चा. चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या लाखो भारतीय वंशाच्या तमिळांना नागरिकत्वाबाहेर ठेवणारा कायदा १९४८ चा. 'फक्त सिंहली' हा राजभाषेचा कायदा १९५६ चा, तेव्हा तो दीड वर्षाचा होता. ५८ च्या दंगलींत तमिळांची घरं जळाली तेव्हा साडेतीन वर्षांचा. त्याची हाव कुठून आणता यात?

पंतप्रधान बंदरनायकेंनी १९५७ मध्ये तमिळ पुढारी चेल्वनायकम यांच्याशी करार केला होता. वेगळं राष्ट्र नव्हे, फक्त प्रादेशिक परिषदा आणि तमिळ भाषेला कारभारात जागा, एवढंच त्यात होतं. त्याविरुद्ध कँडीपर्यंत मोर्चा न्यायला निघालेले पुढारी कोण? जे. आर. जयवर्धने, तेव्हा विरोधी पक्षात. पुढच्या एप्रिलात भिक्खूंनी पंतप्रधानांच्या घरापुढे ठाण मांडलं आणि करार मोडला. १९६५ मध्ये जयवर्धनेंच्या पक्षाने, डडली सेनानायकेंनी, चेल्वनायकम यांच्याशीच जवळपास तसाच करार केला. मग बंदरनायकेंचा पक्ष रस्त्यावर. तोही बुडाला. सत्तेत असताना शब्द द्यायचा आणि विरोधात गेलं की दुसऱ्याच्या शब्दाला देशद्रोह म्हणायचं, हे दोन्ही पक्षांनी आळीपाळीने केलं. चेल्वनायकम आयुष्यभर सनदशीर मार्गाने चालले आणि हाती काही न लागता १९७७ मध्ये गेले.

६५ चा करार बुडाल्यानंतर विद्यापीठ प्रवेशात तमिळ माध्यमाच्या मुलांना जास्त गुणांची अट, सिंहलीचं स्थान पक्कं करणारी १९७२ ची राज्यघटना, १९८१ मध्ये जाफन्याचं ग्रंथालय जाळलं ते, सुमारे ९७,००० पुस्तकं आणि हस्तलिखितं. हे 'सुरळीत'?

आणि काळा जुलै, म्हणजे ८३ ची तमिळविरोधी दंगल. २३ जुलै १९८३ ला जाफन्याजवळच्या तिरुनेलवेलीत वाघांनी दबा धरून १३ सैनिक मारले, हे खरं. पण कोलंबोत जमाव मतदारयाद्या हातात घेऊन तमिळांची घरं शोधत फिरला. या याद्या त्यांना कुणी दिल्या? कोलंबोच्या वेलिकडा तुरुंगात दोन हल्ल्यांत ५३ तमिळ कैदी मारले गेले. राष्ट्राध्यक्ष तेच जयवर्धने. चार दिवसांनी बोलले ते सिंहली जनतेची समजूत काढायला. ऑगस्टमध्ये सहावी घटनादुरुस्ती आणून वेगळ्या राष्ट्राविरुद्ध शपथ सक्तीची केली, त्यात तमिळ पक्षाचे नेते अमृतलिंगम आणि त्यांच्या खासदारांच्या जागा गेल्या. बोलणारे सभागृहाबाहेर गेले, मग उरले बंदूकवाले.

सडेतोड

एवढं लिहिलंत, त्यात जाफन्याचे महापौर दुरैअप्पा कसे नाहीत? १९७५. स्वतः तमिळ, देवळापाशी गोळ्या घालून मारले. कुणी मारलं तेही लिहा. १९८६ मध्ये टेलो या दुसऱ्या तमिळ बंडखोर गटाची पोरं जाफन्याच्या रस्त्यांवर मारली, ती कुणी? सिंहलींनी? तुमच्या अमृतलिंगमना १९८९ मध्ये कोलंबोत घरात घुसून मारणारेही वाघच. १९९० च्या ऑगस्टमध्ये कात्तानकुडीच्या मशिदींत नमाज पढणारे लोक मारले आणि ऑक्टोबरमध्ये उत्तरेतल्या सत्तर हजारांवर मुसलमानांना हाकलून दिलं. जाफन्यात तर दोन तासांची मुदत. त्यांची भाषाही तमिळच होती.

वाटाघाटींचं म्हणाल तर भूतानात थिंफूला बोलणी झाली, राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांशी झाली, पुढे राष्ट्राध्यक्ष चंद्रिकांशी झाली, नॉर्वेच्या मध्यस्थीने झाली. दर वेळी वाघांनी दम खाल्ला आणि पुन्हा सुरुवात केली. २००६ मध्ये पूर्वेतल्या माविल आरू कालव्याचा दरवाजा बंद करून हजारो शेतकऱ्यांचं पाणी तोडलं, तेव्हा सरकारने काय करायला हवं होतं? निवेदन द्यायचं?

दिल्लीच्या फुशीबद्दल तुम्ही एक अक्षर काढलं नाहीत. तमिळनाडूतल्या छावण्या सगळ्या जगाला माहीत होत्या.

हवालदार_निवृत्त

दिल्लीची फूस म्हणता, तर त्या फुशीची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्याबद्दलही बोला. मी लंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेत होतो. ज्यांना आपल्याच देशात शिकवलं होतं, हत्यारं दिली होती, त्यांच्यासमोर आम्हाला उभं केलं. २९ जुलै १९८७ ला भारत आणि लंका यांच्यात करार झाला. आम्हाला सांगितलं होतं, हत्यारं गोळा करायची आहेत. लढाई आहे असं कुणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरात जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने शीख लाइट इन्फंट्रीच्या १३ व्या बटालियनची तुकडी उतरवली. वाघांनी आमचं बिनतारी बोलणं आधीच ऐकलेलं होतं. उतरलेल्या तीस जणांपैकी एक जिवंत राहिला, तोही कैदी म्हणून. पुढची हेलिकॉप्टरं उतरूच शकली नाहीत. २५ नोव्हेंबरला मेजर रामस्वामी परमेश्वरन गेले. महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे, जन्म आणि शाळा-कॉलेज मुंबईत. घेरलेल्या तुकडीतून वळसा घालून शत्रूच्या पाठीमागे गेले, छातीत गोळी लागल्यावर समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं. परमवीरचक्र मिळालं. ८३ च्या कारणांवर इथे दहा पानं लिहाल, पण हे नाव तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं?

जवळपास १,२०० जवान गेले. परत आल्यावर गावात विचारायचे, 'लढाई झाली? कुठं?' एका सरकारी कार्यालयात टेबलामागचा माणूस म्हणाला, ते युद्ध नव्हतं, शांतता मोहीम होती. हात गमावलेला माझा दोस्त शेजारी उभा होता. त्या माणसाकडे बघत राहिला, बोलला काहीच नाही.

मैलापूरकर

हवालदारकाका, तुमच्याबद्दल आदर आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते. आम्ही तंजावरी मराठी, घर चेन्नईत. ८३ नंतर आमच्या गल्लीत जाफन्याहून आलेलं कुटुंब राहायचं. त्या मावशींची बहीण जाफन्याच्या मोठ्या रुग्णालयात परिचारिका होती. २१ ऑक्टोबर १९८७, दिवाळीचा दिवस. आपले जवान रुग्णालयात शिरले आणि डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मिळून साठाहून अधिक माणसं मारली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हात वर करून पुढे आलेल्या डॉक्टरांनाही सोडलं नाही. त्या मावशी दर दिवाळीला पणती लावायच्या, फटाक्याचा आवाज झाला की आत जायच्या. १,२०० जवानांच्या नावांबरोबर ही माणसंही मोजा.

हवालदार_निवृत्त

तिथून आमच्यावर गोळ्या येत होत्या. वाघ रुग्णालयात शिरत होते, शाळेत शिरत होते, बाया-पोरांच्या आडून बार काढत होते. चेन्नईच्या गल्लीत बसून ते कळायचं नाही.

मैलापूरकर

आतून गोळीबार झाला हे भारताचं तेव्हाचं म्हणणं. वाचलेले डॉक्टर आणि परिचारिका सांगतात की वाघ थोड्या वेळाने निघून गेले होते आणि गोळ्या नंतरही चालू राहिल्या. गल्लीत बसून मला कळत नाही हे कबूल. पण पलंगाखाली प्रेतांमध्ये रात्रभर पडून राहिलेल्या बाईला कळत असेल ना?

वेणुग्राम

सगळे बंदुकांवर घसरले. मूळ दुखणं भाषेचं आहे आणि ते आम्हा सीमाभागातल्या लोकांना विचारा. ज्या भाषेत आई बोलते त्या भाषेत सातबारा मिळत नाही तेव्हा काय वाटतं, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना कळणार नाही. १९५६ ची लंका आणि १९५६ ची राज्य पुनर्रचना, साल एकच. मी कॉलेजात असताना मराठी पाटीवरून लाठी खाल्लेली आहे. लंकेचे डावे पुढारी कॉल्विन डिसिल्वा संसदेत म्हणाले होते, दोन भाषा तर एक राष्ट्र, एक भाषा तर दोन राष्ट्रं. हे वाक्य बेळगावात चौकाचौकात लावायला हवं.

कोयनाकाठ

वेणुग्राम, बेळगावचं दुःख खरं आहे, पण त्याची जाफन्याशी सांगड घालू नका. तुमच्याकडे कोर्ट आहे, विधानसभा आहे, सीमेपलीकडे एक अख्खं राज्य तुमच्या बाजूने बोलतं आहे. तुरुंगात ५३ मराठी कैदी मारले गेलेले नाहीत. आणि त्या डिसिल्वांचं पुढचंही सांगा. त्यांनीच मंत्री म्हणून १९७२ ची घटना लिहिली, तिच्यात सिंहलीचं स्थान पक्कं झालं आणि बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळालं. डावे, शिकलेले, सगळं समजणारे. सत्तेत आल्यावर त्यांनीही तेच केलं. मला सगळ्यात जास्त चीड या लोकांची येते.

वेणुग्राम

५३ मेले की मगच दुःख मोजायचं का? पुनर्रचनेच्या आंदोलनात आमचीही माणसं गोळीबारात गेली आहेत. तुम्ही कोयनाकाठी सुखी आहात, एवढंच म्हणतो आणि थांबतो.

रात्रपाळी

मी २००६ ते २००९ कोलंबोत नोकरीला होतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्याबरोबर काम करणारे सिंहली लोक राक्षस नव्हते. नवरा-बायको कधी एका बसने जायचे नाहीत, बॉम्ब फुटला तर मुलांना एक तरी राहावा म्हणून. सेंट्रल बँकेचा स्फोट, कटुनायके विमानतळ, सगळं त्यांच्या बोलण्यात रोज असायचं. मे २००९ मध्ये युद्ध संपलं तेव्हा लोकांनी रस्त्यावर किरिबात (दूधभात) वाटला. माझा सहकारी रडत होता, त्याचा भाऊ १९९६ मध्ये मुल्लैतीवूच्या लष्करी तळावर मारला गेला होता. तिथे एका लढाईत हजाराहून अधिक सैनिक मेले. त्याचं रडणं खोटं म्हणायची माझी हिंमत नाही.

मात्र आमच्या इमारतीतला तमिळ लिफ्टमन त्या आठवड्यात कामावर आलाच नाही. त्याच्याबद्दल कुणी विचारलं नाही. मीही नाही.

सडेतोड

रात्रपाळी यांनी माझंच म्हणणं मांडलं. निकाल लागला म्हणूनच आता नवरा-बायको एका बसने जातात.

कोयनाकाठ

निकाल लागला तो 'मनावर घेतलं' म्हणून नव्हे. लढाया नीट बघा. एलिफंट पास म्हणजे जाफना द्वीपकल्पात शिरायची चिंचोळी वाट. १९९१ मध्ये वाघ तिथे हरले, सरकारने समुद्रातून कुमक उतरवून तळ वाचवला. एप्रिल २००० मध्ये वाघांनी समुद्रातून मागे उतरून इयक्कच्ची घेतलं, तळाचं गोडं पाणी तोडलं आणि एवढा मोठा तळ काही दिवसांत पडला. तेव्हाच्या सेनेत काय निर्धार नव्हता? सेनेची जयसिकुरुई मोहीम दीड वर्षाहून अधिक चालली, हजारो माणसं गेली आणि मिळवलेला बराचसा मुलूख वाघांनी १९९९ मध्ये काही दिवसांत परत घेतला.

बदललं ते दुसरंच. मार्च २००४ मध्ये वाघांचा पूर्वेकडचा सेनापती करुणा फुटला आणि पूर्वेकडची लढणारी पोरं वाघांच्या हातून गेली. २००७ मध्ये नौदलाने इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियाच्या बाजूच्या खोल समुद्रापर्यंत जाऊन त्यांची शस्त्रांची जहाजं बुडवली. युरोपात २००६ मध्ये बंदी आली. आणि २००५ मध्ये वाघांनी स्वतः उत्तरेत मतदानावर बहिष्कार लादला, राजपक्षे दोन लाखांहून कमी मतांनी निवडून आले. निर्धार होताच, पण वाघांनी स्वतःची कबर अर्धी खणून ठेवली होती.

दुरैअप्पा आणि कात्तानकुडी यांबद्दल तुमचं एकूण एक वाक्य खरं आहे. मी ते नाकारलेलं नाही. वाघ हे तमिळांचे तारणहार नव्हते. पण रोग आणि रोगाने आणलेला ताप यांत फरक करा.

शेवटच्या महिन्यांचं तर बोलायलाच हवं. किलिनोच्ची जानेवारी २००९ मध्ये पडलं. मग 'गोळीबारमुक्त क्षेत्र' जाहीर झालं, लोक तिथे गेले, तिथेच तोफगोळे पडले. सरकार सांगत होतं आत सत्तर हजार माणसं आहेत, आणि बाहेर छावण्यांत आली अडीच लाखांहून अधिक. वाघ पळणाऱ्या आपल्याच लोकांवर गोळ्या झाडत होते. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या समितीने म्हटलं, मेलेल्या नागरिकांचा आकडा ४०,००० पर्यंत असू शकतो. नंदिकडल खाडीच्या काठी तुमचा निकाल लागला तो हा.

सडेतोड

ठीक. '८३ पर्यंत सगळं सुरळीत' हे शब्द मागे घेतो. ५७ च्या करारावर जयवर्धनेंचा मोर्चा मला ठाऊक नव्हता. पण करार मोडला म्हणून बस उडवायचा परवाना मिळत नाही आणि तुम्ही कितीही लिहा, तो मिळणार नाही.

मैलापूरकर

परवाना कुणी मागितलाच नव्हता. १९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा दिल्या, म्हणजे ५७ मध्ये चेल्वनायकम मागत होते तेवढंच. उत्तरेत त्या परिषदेची पहिली निवडणूक झाली सप्टेंबर २०१३ मध्ये. जमीन आणि पोलीस यांचे अधिकार अजून परिषदेकडे आलेले नाहीत. युद्ध जिंकूनही ते देता येत नसतील, तर जिंकले काय?

हवालदार_निवृत्त

रुग्णालयाचं मी पाहिलेलं नाही, मी तेव्हा दुसऱ्या भागात होतो. झालं असेल तर वाईट झालं, एवढंच म्हणतो, याहून जास्त माझ्याकडून वदवून घेऊ नका. पण एक लिहून ठेवा. प्रेमदासांनी आम्हाला घालवण्यासाठी वाघांना हत्यारं दिली. आम्ही मार्च १९९० मध्ये निघालो आणि जूनमध्ये वाघांनी पूर्वेत शरण आलेले सहाशेच्या वर पोलीस मारले. १ मे १९९३ ला प्रेमदासाही त्यांच्याच बॉम्बने गेले. आमच्या माणसांचं स्मारक कोलंबोजवळ कोट्टेत त्या देशाने बांधलं. आपल्याकडे राष्ट्रीय युद्धस्मारक व्हायला २०१९ उजाडलं. सडेतोड, पुढच्या वेळी 'दिल्लीची फूस' लिहाल तेव्हा तिच्यापायी गेलेल्यांची नावंही खाली लिहा. सुरुवात मेजर परमेश्वरनपासून करा.