बारशाला पणजी होती, आत्या नव्हती

नेरूळची आजी: परवा नातीचं बारसं झालं. कानात नाव सांगायला आत्या लागते. माझा मुलगा एकुलता एक, आत्या आणणार कुठून? शेवटी ९१ वर्षांच्या सासूबाईंनीच ‘कुर्रर्र’ केलं. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे कानातलं नाव जिन्यापर्यंत गेलं. फोटोत चार पिढ्या, पण माणसं मोजून सहा. सगळे म्हणतात हल्लीच्या मुलांना म्हातारे नकोत. मला वाटतं मुलं तीच आहेत, वाटून घ्यायला भावंडं उरली नाहीत. महाराष्ट्रात १९९२-९३ला बाईमागे सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१च्या पाहणीत १.७.

घोडबंदरवाला: आकड्यांच्या आड लपू नका. तुमच्या सासूबाईंना मुलं किती?

नेरूळची आजी: पाच.

घोडबंदरवाला: मग बाकीचे चौघे कुठे आहेत?

नेरूळची आजी: थोरले दीर गेले. दुसऱ्यांचं नुकतंच बायपास झालं. नणंद सांगलीला, खुब्याचं हाड मोडून पडून आहे. धाकटे पुण्यात, त्यांच्या घरी त्यांची स्वतःची सासू. नव्वदीच्या बाईची मुलंही म्हातारीच असणार हो! गोळ्या कुटून मधातून चाटवते ती मी, गुडघ्याला पट्टा बांधून.

नौपाडा: माफ करा, पण भावंडं होती तेव्हा तरी काय व्हायचं? आमच्या आजीला चार मुलगे. दर महिन्याला तिची पिशवी एका घरातून दुसऱ्या घरात. पिशवीत दोन लुगडी, जपमाळ आणि कवळीची डबी. करायची मात्र चारही घरांत सूनच. त्या एकत्र कुटुंबाचं कौतुक मला सांगू नका.

घोडबंदरवाला: पिशवी फिरायची, पण दार उघडत होतं ना? आता २००७चा कायदा आहे, आईवडिलांना न सांभाळणाऱ्यावर दावा लावता येतो. त्यात सज्ञान नातवंडंही येतात.

नेरूळची आजी: म्हणजे उद्या माझा मुलगा आम्हा दोघांना आणि पणजीलाही बांधील. एकटा. वर सुनेचे आईवडील खारघरला, तीही एकुलती. नौपाडा, सुनेचं तुमचं पटलं. इथेही मीच करते, मुलगा कंपनीतून आठला येतो.

नौपाडा: आणि सासरे?

नेरूळची आजी: विरंगुळा केंद्रात, कॅरम.

घोडबंदरवाला: त्यांना आधी घरी बोलवा. मग लोकसंख्येचं बघू.

नेरूळची आजी: सासरे नाहीत हो, ते आमचे हे. सासरे जाऊन वीस वर्षं झाली. पण निरोप देते.