मदत हवी आहे: म्हशीच्या दुधातून आरएनए कसा काढू?

गोरेगावच्या तबेल्यातल्या ६ म्हशींना खुराकात सोयाबीन तेल देतोय, दुधाचं फॅट उतरलंय. गायीत अशा तेलातून पोटात बनणाऱ्या ट्रान्स-१०, सिस-१२ सीएलए या फॅटी अ‍ॅसिडमुळे एसआरईबीपी-१ (फॅटचे जीन्स चालू करणारं प्रोटीन) दबतं आणि मग एफएएसएन, एससीडी हे फॅट बनवणारे जीन्स मंदावतात, तेच म्हशीत होतंय का बघायचंय. कासेची बायॉप्सी मालक करू देणार नाही (बरोबरच आहे त्याचं, दुभती जनावरं), म्हणून दुधात उतरणाऱ्या शरीराच्या पेशींमधून (सोमॅटिक सेल्स) ट्रायझॉल या रसायनाने आरएनए दोनदा काढून बघितला, फारच कमी येतो आणि त्यातही पांढऱ्या रक्तपेशींचाच जास्त असणार. पहाटेचं दूध बर्फात ठेवून लोकलने परळला लॅबमध्ये आणतो, दीड तास जातो. बजेट फक्त क्यूपीसीआरचं (आरएनएवरून ठरावीक जीन किती चालू आहे ते मोजायचं) आहे, सीक्वेन्सिंग सुचवू नका प्लीज. सायीच्या थरातल्या फॅट ग्लोब्यूल्समधून (चरबीच्या थेंबांतून) काढला तर जमेल का, ट्रायझॉल तबेल्यातच घालू का, आणि तुलनेसाठी घेतलेला जीएपीडीएच जीन स्थिर राहत नाहीये तर रेफरन्सला कुठला जीन घेऊ?