मदत हवी आहे - 'डबल इंडेम्निटी'मधल्या सावल्यांबद्दल
काल रात्री दिग्दर्शक बिली वायल्डरचा १९४४ चा 'डबल इंडेम्निटी' हा पिक्चर परत बघितला आणि डोक्यात किडा वळवळतोय. विमा एजंट नेफ पहिल्यांदा फिलिसच्या घरी जातो (पुढे दोघं मिळून तिच्या नवऱ्याचा खून करतात) तेव्हा खिडकीच्या पट्ट्यांची सावली भिंतीवर, त्याच्या कोटावर पडते, म्हणजे गडी आत्ताच गजाआड गेला असं धरायचं का, की आपण उगाच नंतर अर्थ चिकटवतोय? काडीचं मात्र पटलं, पूर्ण पिक्चरभर नेफ नखाने काडी ओढून ऑफिसातल्या कीजचा सिगार पेटवतो आणि शेवटी कीज त्याची सिगरेट पेटवतो, तिथे गलबललं राव. पण फिलिसच्या पायातली साखळी कॅमेरा एवढी का दाखवतो? कॅमेरामन जॉन साइट्झच्या लायटिंगवर कुणी नीट वाचलंय का, सांगा प्लीज.