'पोलिसी खाक्या' आणि 'कबुलीजबाब'

प्रश्न: पेपरात हमखास एक वाक्य असतं, 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' यातला खाक्या म्हणजे नेमकं काय? आणि कबुली व कबुलीजबाब एकच ना?

प्रतिसाद: खाक्या म्हणजे रीत, वागण्याचा ठरलेला ढंग. 'सरकारी खाक्या', 'त्याचा जुनाच खाक्या' असंही म्हणतोच की. मूळ शब्दात मारहाण कुठेच नाही. पण मागे 'पोलिसी' लागलं की वाचणाऱ्याला पट्टा दिसतो. बातमीदाराला तेच सुचवायचं असतं, फक्त लिहायचं नसतं.

प्रतिसाद: फौजदारी वकिली करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल. कबुली कुणापुढेही होते, अगदी मित्रापुढेही. कोर्टात आम्ही कबुलीजबाब म्हणतो तो बहुधा न्यायदंडाधिकाऱ्यांनी नोंदवलेला. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६४, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १८३. 'जबाब देणं तुमच्यावर बंधनकारक नाही, दिलात तर तुमच्याविरुद्ध वापरला जाईल' हे दंडाधिकाऱ्यांनी आधी सांगायचं असतं. आरोपी 'नाही द्यायचा' म्हणाला, तर त्याला पोलीस कोठडीत धाडता येत नाही. नेमकं हेच आरोपीला माहीत नसतं.

पोलिसांपुढची कबुली मात्र आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात हेच होतं, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम २३मध्येही तेच आहे. मकोका, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, हा अपवाद. तिथे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब चालतो.

प्रश्नकर्ता: मग पोलीस एवढा खटाटोप करतात कशाला?

वकील: पंचनाम्यासाठी! पंचांसमोर आरोपीचं निवेदन लिहून घेतात, 'ज्या चाकूने मी त्याला भोसकलं तो विहिरीमागे पुरला आहे, चला दाखवतो.' चाकू निघाला, तर यातलं 'विहिरीमागे पुरला आहे' एवढंच पुराव्यात येतं, 'ज्या चाकूने भोसकलं' गळतं. पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं अंतिम अपील न्यायालय) हे स्पष्ट केलं. वाक्याची इतकी चिरफाड वैयाकरणीही करत नसतील. मग बचावाचा वकील पंचाला धरतो. पंच पोलिसांच्या नेहमीच्या ओळखीतला का? जागा येणाऱ्याजाणाऱ्याला उघडी होती का?

प्रतिसाद: 'आरोपी फितूर झाला' असंही छापून येतं. फितूर होतो तो साक्षीदार. आरोपी कबुलीजबाब मागे घेतो किंवा नाकारतो. 'घूमजाव' तर सरळ टोमणा आहे, कारण खरं आधीचंच होतं असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

प्रतिसाद: आणि 'मौनं सम्मतिलक्षणम्' इथे चालत नाही बरं का. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३)प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. गप्प बसला म्हणजे कबूल केलं, असं नाही.

प्रश्नकर्ता: पण मारून सही घेतली असेल तर?

वकील: चौकशीत पोलीस जे जबाब लिहून घेतात त्यांवर देणाऱ्याची सही घ्यायचीच नसते. मारहाण झाली असेल तर पहिल्याच रिमांडला सांगावं. अटकेपासून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं (प्रवासाचा वेळ सोडून). तिथे 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' असं विचारलं जातं. वळ दाखवावेत, वैद्यकीय तपासणी मागावी, वकील मागावा. शेजारी तेच पोलीस उभे असतात, म्हणून बरेच जण नकारार्थी मान हलवतात. एकदा रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) 'तक्रार नाही' पडलं, की पुढे मारहाण पटवून देताना आमच्या नाकी नऊ येतात.