विषय: पर्म सुरू झालं, गावाकडचे कागद कधी काढायचे?

राम राम मंडळी,

ह्यांच्या कंपनीनं ग्रीन कार्डाचं काम हाती घेतलंय. पहिली पायरी पर्म, म्हणजे अमेरिकेच्या कामगार खात्याची मंजुरी. वकील म्हणतो, सध्या डिग्री आणि अनुभवाची पत्रं द्या, बाकीचं वेळ आली की बघू. आम्ही दोघंही मंगरूळपीर तालुक्यातले. ह्यांचा जन्म मात्र मामांच्या गावी, दारव्हा तालुक्यात. आमच्या ग्रामपंचायतीत नोंद सापडत नाही, असं दिरांनी कळवलंय. पासपोर्टवर जन्मतारीख १ जून, जन्मस्थळ अकोला. लग्नाची नोंदणी केलेली नाही. मुलगा नऊ वर्षांचा, जन्म पुसदचा. हे सगळं आत्ताच करावं, की वकील म्हणतो तसं थांबावं?

– एक सदस्या, न्यू जर्सी

---

ताई,

थांबू नका. वकील खोटं सांगत नाही, पण त्याला कंपनीनं नेमलंय आणि आज त्याच्या टेबलावर फक्त पर्म आहे. जन्माचा नि लग्नाचा दाखला लागतो शेवटच्या अर्जाला, म्हणजे आय-४८५ ला.

आधी कंपनीचा भाग. कामगार खातं त्या पदाचा त्या भागातला चालू पगार ठरवून देतं. त्याला काही महिने जातात. मग जाहिराती: दोन वेगवेगळ्या रविवारी वर्तमानपत्रात, राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे ३० दिवस, ऑफिसात सलग १० कामाचे दिवस नोटीस, आणि पदवीधरांचं पद असेल तर आणखी तीन प्रकारे शोध. हे सगळं साधारणपणे अर्जाच्या किमान ३० दिवस आधी झालेलं हवं आणि १८० दिवसांपेक्षा जुनं नको. पात्र अमेरिकन उमेदवार आला तर गाडी तिथंच अडते. गेल्या सहा महिन्यांत कंपनीनं त्याच भागात तसल्याच कामावरची माणसं कमी केली असतील, तर त्यांना कळवून त्यांचा विचार आधी करावा लागतो. म्हणून कपात झाली की पुष्कळ कंपन्या पर्म गुंडाळून ठेवतात. पर्मची वकिलाची फी आणि जाहिरातींचा खर्च कायद्यानं कंपनीचाच. नंतर पगारातून वळता करू, असं कोणी म्हणालं तर सही करू नका.

पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो ती तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख. मंजूर झाल्यापासून १८० दिवसांच्या आत आय-१४०, म्हणजे कंपनीनं माणसासाठी करायचा अर्ज, भरायचं, नाहीतर पर्म वाया जातं आणि जाहिरातींपासून पुन्हा सुरुवात. आय-१४० मध्ये तपासणी दोन गोष्टींची: माणूस जाहिरातीतल्या अटींत बसतो का, आणि कंपनीला तेवढा पगार परवडतो का. छोट्या कंपन्या दुसऱ्या मुद्द्यावर आपटतात, कारण प्रायॉरिटी डेटपासून पुढच्या सगळ्या वर्षांची टॅक्स रिटर्न्स त्यात तपासली जातात.

पुढं रांग. नोकरीवरच्या कार्डांचा वर्षाचा कोटा साधारण १,४०,०००, आणि एका देशाच्या वाट्याला ७ टक्के. देश धरतात तो जन्माचा, नागरिकत्वाचा नाही. ईबी-२ (वरच्या पदवीची पदं) आणि ईबी-३ (पदवीधर नि कुशल कामगार) या वर्गांत भारताची रांग दहा वर्षांच्या वर आहे. प्रायॉरिटी डेटकडं सीसीआयच्या कापूस खरेदीच्या टोकनासारखं बघा: ट्रॅक्टर कोणाचा हे महत्त्वाचं नाही, टोकन सांभाळायचं. आय-१४० एकदा मंजूर झालं की कंपनीनं ते नंतर मागं घेतलं तरी तारीख तुमचीच राहते. नव्या कंपनीला पर्म नव्यानं करावं लागतं, पण जुनी तारीख त्याला जोडता येते. फसवणूक किंवा गंभीर चूक निघाली तरच ती जाते. म्हणून आय-१४० मंजूर होताच मंजुरी पत्राची प्रत मागा. काही कंपन्या देत नाहीत, तिथं निदान पावती क्रमांक लिहून ठेवा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सहा वर्षं संपली तरी मंजूर आय-१४० वर तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते.

मुलाचं लक्षात ठेवा. २१ च्या आत तो तुमच्या अर्जात येतो. वय काढताना आय-१४० जितके दिवस विचाराधीन होतं तितके दिवस वजा होतात, म्हणजे जादा फी भरून प्रीमियमनं १५ कामाच्या दिवसांत ते संपवलं तर वजाबाकीला फारसं काही उरत नाही. १५ ऑगस्ट २०२५ पासून हे वय फायनल अ‍ॅक्शन तारखेवरून, म्हणजे ज्या तारखेपर्यंतच्यांना कार्ड देता येतं तिच्यावरून, धरतात. नऊ वर्षांच्या मुलासाठी हा हिशेब आजच मांडायला हवा.

मग कागद आत्ताच का? रांगेत तुमची तारीख उघडते, म्हणजे अर्जाची पाळी येते, आणि पुढच्याच महिन्यात ती मागंही सरकते. उघडली त्या महिन्यात अर्ज गेला पाहिजे, आणि त्याच महिन्यात मामांच्या गावची ग्रामपंचायत शोधायला निघणं परवडत नाही. त्या भागाबद्दल दारव्ह्याचे काकाजी लिहितीलच.

– एक सदस्य, डॅलस

---

वरच्या पत्राला एक जोड, अनुभवाच्या पत्रांबद्दल. आपल्याकडच्या विनाअनुदानित कॉलेजांचं अनुभव प्रमाणपत्र दोन ओळींचं असतं: "अमुक ते अमुक काम केले, वर्तणूक चांगली." ते चालत नाही. लेटरहेडवर पद, तारखा, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, कामाचं वर्णन आणि सही करणाऱ्याचं नाव-पद हवं. पर्ममध्ये मागितलेलं प्रत्येक कौशल्य त्या वर्णनात दिसलं पाहिजे. तासिका तत्त्वावरची वर्षं पूर्णवेळ म्हणून लिहून घेऊ नका. फॉर्म १६ आणि पगाराचे आकडे लगेच उघडं पाडतात. कॉलेज बंद पडलं असेल तर तेव्हाच्या विभागप्रमुखाचं प्रतिज्ञापत्र, नेमणुकीचा आदेश आणि पगाराच्या चिठ्ठ्या. आणि सध्याच्या कंपनीत मिळवलेला अनुभव त्याच कंपनीच्या पर्ममध्ये सहसा मोजत नाहीत. तीन वर्षांच्या बी.एस्सी. किंवा बी.कॉम.वर ईबी-२ होत नाही, ईबी-३ ला सुद्धा खटका बसतो. चार वर्षांच्या बी.ई.ला ती अडचण नाही.

– एक सदस्य, मिशिगन

---

ताई,

तुमच्या दिरांनी शोधलं ते गावच चुकीचं आहे. जन्म जिथं झाला तिथंच नोंद होते, बापाच्या गावी नाही. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं दारव्हा तालुक्यातल्या मामांच्या गावची ग्रामपंचायत गाठा. गट ग्रामपंचायत असेल तर मुख्य गावी. दवाखान्यात जन्म झाला असेल तर तो दवाखाना ज्या नगर परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे तिथं.

तिथंही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल मागा. जुन्या बुकात ओळ अशी असते: तारीख, बापाचं नाव, जात, "मुलगा". बाळाचं नाव नसतंच. अशा नकलेवर मुलगा म्हणजे हाच, हे सिद्ध करायला शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा लागतो. आईचं प्रतिज्ञापत्रही लागतं.

आता १ जून. ही तारीख गुरुजींनी शाळेत नाव टाकताना लावलेली असते, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या अधिकाऱ्याला नाही. कोतवाल बुकात वेगळी तारीख निघाली तर ते पान दडवू नका, आणि लगेच पासपोर्ट बदलायलाही धावू नका. आधी वकिलाला दाखवा. टी.सी., दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट सगळीकडं १ जून असेल, तर फरक का पडला एवढं सांगणारं प्रतिज्ञापत्र बहुधा जास्त सोपं पडतं.

अकोल्याचं असं: मंगरूळपीर १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं, मग वाशिम झाला. पण जन्म दारव्ह्याकडचा म्हणजे यवतमाळ जिल्हा. देश एकच, त्यामुळं रांगेवर परिणाम नाही. मात्र अर्जात एकच जन्मगाव लिहा आणि फरक दोन ओळींत सांगा. गोंदिया (१९९९ पर्यंत भंडारा) आणि गडचिरोली (१९८२ पर्यंत चंद्रपूर) इथल्यांनीही हे बघून घ्यावं.

उशिराची नोंद करावी का? जन्माला वर्ष उलटून गेलं की १९६९ च्या कायद्याप्रमाणं दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि २०२५ पासून महाराष्ट्रात अशा नोंदींची तपासणी फार कडक झालीय. मिळाली तरी जन्मानंतर इतक्या वर्षांनी झालेली नोंद बघून तिकडचे अधिकारी शाळेचे पुरावे मागतातच. माझं मत विचाराल तर नोंद नसल्याचा दाखला, शाळेचा उतारा आणि दोन प्रतिज्ञापत्रं, हा रस्ता बरा. एजंटानं "दाखला काढून देतो" म्हटलं तर त्याच्या दारात पाय ठेवू नका.

लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत होते. दोघांनी हजर राहायचं, तीन साक्षीदार, लग्न लावणारे भटजी, लग्नपत्रिका आणि फोटो. उशीर झाला म्हणून दंड भरावा लागतो, तेवढंच. हे फोनवर होत नाही, सुट्टीला याल तेव्हाच करा. तुमच्या टी.सी.वर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, त्या दोघांना जोडणारा दुवा हाच कागद आहे.

– निवृत्त ग्रामसेवक, दारव्हा तालुका

---

काकाजी, नोंद नसल्याच्या दाखल्यात मजकूर काय असावा? आणि प्रतिज्ञापत्र कोणी करायचं?

– न्यू जर्सी

---

मजकूर असा मागा: "श्री. (पूर्ण नाव), वडील (नाव), आई (नाव), जन्म दि. (तारीख), मौजा (गाव), ता. दारव्हा, जि. यवतमाळ, यांच्या जन्माची नोंद या कार्यालयाच्या (वर्ष ते वर्ष) या कालावधीच्या जन्म नोंदवहीत शोध घेतला असता आढळून येत नाही." जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का, सहीखाली नाव आणि पद. "नोंद नाही" एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नका. कोणत्या वर्षांची वही पाहिली ते लिहिलेलं नसेल तर प्रश्न उलटून येतो.

प्रतिज्ञापत्रं दोन, जन्म प्रत्यक्ष ठाऊक असलेल्या मोठ्या माणसांची: आई आणि मामा, नाहीतर आत्या. अर्जदार स्वतः नाही, तुम्हीही नाही. त्यात करणाऱ्याचं नाव, पत्ता, स्वतःची जन्मतारीख आणि जन्मगाव, नातं, आणि हा जन्म मला कसा माहीत आहे हे स्पष्ट हवं. माणसं हयात आहेत तोवरच करून घ्या, म्हातारी माणसं कुणासाठी थांबत नाहीत.

मुलाचा पुसदचा दाखला तपासा. त्यावर बाळाचं नाव छापलंय का? जन्माच्या वेळी नाव नसेल तर रकाना कोरा राहतो. नाव नंतर चढवता येतं, पण ते नगर परिषदेतच.

– दारव्हा

---

भाषांतराचं राहिलं. मराठी कागदाचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्क्यातला मजकूर आणि मागच्या पानावरचा शेराही त्यात येतो. खाली भाषांतर करणाऱ्यानं "दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे" असं लिहून सही, पत्ता, तारीख द्यायची. नोटरी लागत नाही. दोन्ही भाषा येणारं कोणीही चालतं, मंडळातले पुष्कळ जण करून देतील. फक्त स्वतःच्या कागदाचं स्वतः करू नका. मूळ कागद लॅमिनेट करू नका, पाठपोट स्कॅन करा.

– डॅलस