‘नाइट रायडर’ म्हणजे मोटारीची जाहिरात? एका शेऱ्याला सविस्तर उत्तर

पालशेतचा प्रेक्षक
काल ‘राजिवडा’ यांनी लिहिले की ‘नाइट रायडर’ ही मालिका नव्हतीच, ती एका मोटारीची चार वर्षे चाललेली जाहिरात होती, आणि मोटारींची खरी मालिका म्हणजे ‘ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’, कारण तिथे गाडी खरोखर उडत असे. हे वाचून गप्प बसवेना.

१९८२ ते १९८६ या काळात अमेरिकेत कोणालाही काळी पॉन्टिॲक फायरबर्ड ट्रान्स ॲम विकत घेता येत होती. तिची ‘किट’, म्हणजे ‘नाइट रायडर’मधली संगणकाच्या बुद्धीने बोलणारी गाडी, झाली ती नाकावर धावणाऱ्या तांबड्या दिव्यामुळे, आणि त्याहून अधिक विल्यम डॅनियल्स यांच्या आवाजामुळे. हे गृहस्थ त्याच सुमारास दुसऱ्या एका मालिकेत शल्यविशारदाचे काम करत होते आणि किटच्या आवाजासाठी आपले नाव श्रेयनामावलीत येऊ नये, ही त्यांचीच इच्छा होती. आमच्या आळीत केबल आली तेव्हा आम्हा पोरांना इंग्रजी कळत नव्हते. तरीही मालिकेचा नायक मायकल काही आततायीपणा करायला निघाला की उत्तर देण्याआधी ती गाडी किंचित थांबायची, आणि तिला हे पसंत नाही हे आम्हाला नेमके कळायचे.

शिवाय त्याच मालिकेतली ‘कार’ (KARR) नावाची किटची दुष्ट जुळी गाडी आठवा. तीच ट्रान्स ॲम, तोच काळा रंग; फरक एवढाच की तिला माणसांना नव्हे, स्वतःला वाचवायला शिकवले होते. पीटर कलन यांच्या आवाजात ती बोलू लागली की आम्ही एकमेकांना चिकटून बसत असू. गाडी हेच सर्वस्व असते, तर किट आणि कार यांच्यात फरक तो काय उरला असता?

राजिवडा
आवाजाचे कौतुक करायचे असेल तर नभोनाट्य ऐकावे. कुवेतहून आलेल्या मामाने आणलेल्या कॅसेटींवर मी ‘ड्यूक्स’ पाहिली आणि त्यानंतर किटच्या उड्या डोळ्यांना पटेनात, कारण ‘नाइट रायडर’मध्ये उडत होत्या त्या मुद्दाम हलक्या केलेल्या गाड्या. ‘ड्यूक्स’मधली गाडी, जनरल ली, ही १९६९ची डॉज चार्जर होती. इंजिनाच्या वजनाने ती हवेत नाकावर पडू नये म्हणून डिकीत वजन भरावे लागे, आणि तरीही जमिनीवर आदळल्यावर गाडी कामातून गेलेली असे. त्या उडीत चालकाचा जीव पणाला लागलेला दिसतो. संगणकाशी गप्पा मारणाऱ्या नायकाचे काय पणाला लागले होते?

वाशिष्ठीकाठ
‘गाडी कामातून गेलेली असे’ हे आपण अभिमानाने लिहिता याचे मला वाईट वाटते. त्या मालिकेने सुमारे तीनशे चार्जर मोडल्या असे मानले जाते. माझे चिपळुणात गॅरेज आहे. खाऱ्या वाऱ्याने पत्रा कसा जातो हे मी रोज पाहतो. दाराच्या तळाशी, आतल्या शिवणीत पाणी साचते. वरचा रंग जेमतेम फुगलेला दिसतो आणि बोट दाबले की ते आरपार जाते. २२ जुलै २०२१ च्या पुरात वडिलांची प्रीमियर पद्मिनी टपापर्यंत बुडाली. दारांच्या पोकळीतला गाळ आम्ही चमच्याने खरवडून काढला. एक गाडी वाचवायला किती खपावे लागते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तीनशे गाड्यांची ती करमणूक पाहवत नाही.

राजिवडा
आपल्या वडिलांच्या गाडीबद्दल आदर आहे, परंतु तिचा येथे संबंध नाही. १९७९ साली चार्जर ही दहा वर्षांची जुनी गाडी होती. १९७३च्या तेलटंचाईनंतर अशा मोठ्या इंजिनांच्या गाड्या लोकांना नकोशा झाल्या होत्या. मालिकेने वारसा मोडला नाही. मालिकेमुळेच तिला वारशाचा मान मिळाला.

वाशिष्ठीकाठ
संबंध कसा नाही? ‘जुनीच तर आहे’ असे म्हणूनच आपल्याकडच्या पद्मिनी भंगारात गेल्या, आणि आज एक दार मिळवायला कोल्हापूरपर्यंत फोन करावे लागतात. आपल्या लाडक्या मालिकेलाही शेवटी गाड्यांचा तुटवडा जाणवलाच. १९६८ आणि १९७०च्या चार्जर सजवून १९६९च्या म्हणून उभ्या केल्या आणि अखेरच्या काळात उडीसाठी लहान प्रतिकृती वापरल्या. मग ‘खरोखर उडणारी गाडी’ हा आपला मुद्दा कुठे राहिला? चालकाच्या जिवाची भाषा तर आपण करूच नये. कोणाचा जीव टांगणीला लागला म्हणून दृश्य थोर होत नाही.

देवबागकर
दोघांनीही आवाज खाली आणावा. पालशेतकरांनाही एक सांगतो की किट पुण्यवान नव्हती. मालिका संपल्यावर तिच्याही बहुतेक गाड्या मोडीत काढण्यात आल्या. आणि जनरल लीच्या टपावर गुलामगिरीसाठी लढणाऱ्या दक्षिणी राज्यांचा झेंडा होता, ज्यामुळे २०१५ साली अमेरिकेत एका वाहिनीने मालिकेचे पुनःप्रक्षेपण थांबवले. त्याचा उल्लेख राजिवडा यांनी एका शब्दाने केला नाही, हे मला खटकले.

राजिवडा
झेंड्याचे समर्थन मी केलेले नाही आणि करणारही नाही. मी स्टंट चालकांविषयी लिहीत होतो.

पालशेतचा प्रेक्षक
मग स्टंट चालकांविषयीच बोलू. किट आपोआप धावते आहे असे दाखवताना चालक आसनाच्या खोळीत दडून, जेमतेम दिसेल तेवढ्या फटीतून पाहत गाडी हाकत असे. स्वतःला पुसून टाकून केलेले ते कसब आपल्या हिशेबात धरलेच जात नाही. चौथ्या पर्वात गाडीला पंख फुटल्यासारखे भाग उघडू लागले, ते मात्र खेळणी विकण्यासाठी केल्यासारखे वाटते. तेवढ्यापुरता ‘जाहिरात’ हा शब्द मी सोडून देतो. आधीच्या तीन पर्वांना तो लावू देणार नाही.

राजिवडा
खोळीतल्या चालकाचा मुद्दा बिनतोड आहे आणि ‘कार’ या जुळ्या गाडीचाही. ‘जाहिरात’ हा शब्द मागे घेतो. मालिका थोर होती असे मात्र माझ्याकडून कोणी वदवून घेऊ नये.

वाशिष्ठीकाठ
आणि तीनशे चार्जरचे काय, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.