जुनी डिझेल फोर बाय फोर आणि घरातली आठ माणसं : तुमचे अनुभव लिहा

मातीवाट
परवा गगनबावड्याला चहाला थांबलो आणि समोर आमची जुनी सफारी उभी. नंबर नंतर वाचला. आधी दिसली ती डाव्या मागच्या दाराखालची लोखंडी पायरी. आजीसाठी करून घेतलेली. गाडी विकून सहा वर्षं झाली, नव्या मालकांनी कॅरिअर बदललंय, बंपर बदललाय, पायरी मात्र तशीच. चहा हातातच राहिला.

आमचं गाव घाटाखाली, वैभववाडी तालुक्यात. डांबर संपल्यावर घरापर्यंत सव्वा किलोमीटर तांबडी माती आणि शेवटी वळणावरची चढण. जूनपासून गणपतीपर्यंत साधी गाडी देवळापाशी लावायची, पुढे चालत. आजीचे गुडघे गेल्यावर दोन वर्षं तिला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेली. तिसऱ्या वर्षी म्हणाली, मी नाही येत, माझ्यापायी पोरांच्या पाठी मोडतात. गणपतीला आजी घरात नाही हे वडिलांना सहन झालं नाही. नवीन फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी, परवडणारी नव्हती. म्हणून २०१३ च्या मे महिन्यात २००८ ची ही गाडी घेतली, ७८,००० किलोमीटर चाललेली, ४ लाख ६० हजारांना.

बघायला कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे मिस्त्री बरोबर होते. त्यांनी आधीच्या मालकाला फोनवरच सांगितलेलं, आम्ही येईस्तोवर स्टार्टर मारू नका. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवला. गार इंजिन कसं उठतं आणि पहिला धूर कसा येतो ते त्यांना बघायचं होतं. मग गाडी नुकत्याच पाणी दिलेल्या रानात नेली. डांबरावर फोर व्हील टाकू दिली नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात. अशा गाडीत फोर व्हील टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. कोरड्या रस्त्यावर टायरला घसरायला वाव नसतो, सगळा पीळ ट्रान्सफर केसवर (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीवर) येतो. ओल्या रानात आधी फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग), मग थांबून न्यूट्रलमध्ये फोर-लो (हळू पण जास्त ओढ), पुढे, मागे, दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग. नंतर खाली ताडपत्री टाकून अर्धा तास गाडीखाली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "घ्या. पण महिन्यातनं एकदा मातीत फोर व्हीलवर दोन-तीन किलोमीटर काढायची, आतलं तेल फिरलं पाहिजे."

त्या भाद्रपदात आजी थेट अंगणात उतरली. घरात जायच्या आधी तिनं बॉनेटला हळदकुंकू लावलं.

तुम्ही घेतली असेल तर लिहा. काय बघून घेतली, कुठे चुकलं, घरच्यांना सोयीची झाली का.

चिपळूणची लेक
वाचताना डोळ्यांत पाणी आलं हो.
आमचा अनुभव न घेतलेल्या गाडीचा. भावाला सात सीटर डिझेल हवी होती, २०२१ च्या दिवाळीत एक फार स्वस्त मिळत होती. आतून चकचकीत, सीट कव्हर नवीन, सुगंधी डबी लावलेली. मी म्हटलं थांब. मागचा सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला, अगदी शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ. सीट सरकवायच्या पट्ट्यांमध्ये बोट घातलं तर मऊ पिवळी माती. आम्हाला ती माती ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्या ओट्यावरचे डबे तरंगत होते, आईच्या लग्नातला तांब्या तीन घरं सोडून सापडला. गॅसची शेगडी नंतर दुरुस्त करून घेतली पण फ्रीज
कुकर लावते, नंतर लिहिते

टर्बोमिस्त्री
चिपळूणच्या ताईंनी सांगितलेली बेल्टची खूण लाखमोलाची आहे. कार्पेट धुता येतं, बेल्ट आतून कुणी धूत नाही. त्याबरोबर डॅशबोर्डखाली वाकून वायरिंगच्या सॉकेटमध्ये हिरवट चढलंय का बघा. २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पाणी आल्यावर अशा बऱ्याच गाड्या हातात आल्या. इंजिन चालू करून देता येतं हो, वायरिंग मात्र दोन पावसाळ्यांनी रडवतं.

मी बघतो ते असं. इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण सैल करायचं. थोडी वाफ चालते. पण भकाभका धूर, झाकण उडतंय आणि तेलाचे शिंतोडे, असं असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, मागे फिरायचं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. रेस केल्यावर काळा म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय, टर्बोचा पाइप फाटला असला तरी तसंच होतं, ते स्वस्तात निघतं. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर रेडिएटरचं पाणी कमी होतंय का बघा.

टायमिंग बेल्टचं (इंजिनातले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) इंजिन असेल तर बेल्ट कधी बदलला याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेला नाही असं धरा आणि गाडी घरी न्यायच्या आधी बदला. आणि चारही टायर एकाच मापाचे, साधारण सारखे झिजलेले हवेत. पुढे नवीन, मागे गुळगुळीत, अशी गाडी फोर व्हीलमध्ये चालवली की आतून खाते.

संपदा_पुणे
सगळे इंजिन बघताय, कृपया मागची सीट बघा!! आमच्या पहिल्या गाडीत मागे समोरासमोरच्या दोन आडव्या बाकड्या होत्या. मुलं तिथेच बसायचा हट्ट धरायची. बेल्ट नव्हते. घाटात एकदा जोराचा ब्रेक लागला आणि धाकटीचं कपाळ समोरच्या बाकाच्या नळीवर. चार टाके. त्यानंतर मी नवऱ्याला म्हटलं, फोर बाय फोर नसली तरी चालेल, पण तिसरी रांग पुढे तोंड केलेली आणि प्रत्येकाला बेल्ट असलेली हवी. ती मिळायला पाच महिने लागले. मला तरी ते पाच महिने वाया गेले असं वाटत नाही.
आडवं बसून घाटात मळमळतं ते वेगळंच.

काजूची_बी
@संपदा आलेपाक. घाट लागायच्या आधी, लागल्यावर नाही.

चिपळूणची लेक
आलेपाक नाही, कोकमाचं सोल तोंडात धरायचं. आणि मुलांना रिकाम्या पोटी न्यायचं नाही, कोरडी पोळी द्यायची.
टाके पडले वाचून कसंतरीच झालं. आता बरी आहे ना लेक?

संपदा_पुणे
बरी आहे, खूण अगदी पुसट राहिलीय. सोल पॅक करून ठेवते या वेळी :)

गोदाकाठ
कागदांबद्दल लिहितो, कारण माझे हात तिथेच पोळले.

दिल्लीत तेव्हा १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाडीला बंदी होती. हरित लवादाचा आदेश २०१५ चा, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायम केला. त्यामुळे तिकडच्या आठ-नऊ वर्षांच्या चांगल्या मोठ्या गाड्या आपल्याकडच्या भावापेक्षा खूप कमी किमतीत मिळायच्या. मीही २०२२ मध्ये एक आणली. आई-वडील, दोन मुलं, बहिणीचं कुटुंब, सगळ्यांना एकत्र त्र्यंबकेश्वरला न्यायचं स्वप्न होतं.

गाडी खरोखर उत्तम. पण आरसीवर कर्जाची नोंद तशीच होती. मधल्या माणसाने सांगितलं होतं कर्ज फिटलंय. फिटलं असेलही, नोंद निघालेली नव्हती. त्यासाठी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा, तो मूळ मालकाच्या सहीचा. ते झाल्याशिवाय फॉर्म २८ ची एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायचा ना-हरकत दाखला) पुढे सरकेना, आणि एनओसी नाही तर इकडे पासिंग नाही. चार महिने गाडी दारात ताडपत्रीखाली. आई रोज सकाळी तिला फडकं मारायची. वर महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागला. सगळं धरून इथलीच गाडी घेतली असती तर साधारण तेवढेच पडले असते.

आता कुणीही विचारलं तर एकच सांगतो. आधी परिवहनच्या ॲपवर नंबर टाका, कर्ज, विमा, चलनं सगळं दिसतं. मग गाडी बघायला जा. पैसे देताना फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करायचे अर्ज) सह्या तुमच्यासमोर. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.

डबल_क्लच
+१. जुन्या मालकाचा फास्टॅग पण काढून टाका. आणि १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का बघा, नाहीतर ते काम आपल्याच गळ्यात.
मातीवाट दादा, २००८ ची म्हणजे १५ वर्षं झाली की. री-पासिंग केलं असणार त्यांनी. २०२२ पासून फी ५,००० झालीय, वर पर्यावरण कर.

मातीवाट
हो, केलंय. त्यांनी आपणहून सांगितलं, २०२८ पर्यंत आहे म्हणाले. आंब्या-काजूची कलमं नेतात तिच्यातून.

इंद्रावती
आम्ही दोघं शिक्षक, गडचिरोली जिल्ह्यात, भामरागडकडे. जुनी डिझेल फोर बाय फोर घेतली ती सासूबाईंच्या तपासण्यांसाठी. दर दोन महिन्यांनी त्यांना चंद्रपूरला न्यावं लागे. गाडीनं कधी दगा दिला नाही.

पण एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. फोर व्हील चिखलासाठी आहे. पाण्यासाठी नाही. आमच्याकडे पर्लकोटा नदी चढली की पूल पाण्याखाली जायचा आणि भामरागड तुटायचं, दर पावसाळ्यात. एकदा आमच्या पुढची एक मोठी गाडी पुलावरून गुडघाभर पाण्यात घातली. चालक म्हणत होता चारही चाकं ओढतात. पाणी खालून गाडी उचलायला लागलं की चाकं किती ओढतात याला अर्थ राहत नाही, जमिनीवर वजनच नसतं ना. काठावरच्या माणसांनी दोर टाकून लोकांना काढलं. मुलं होती आत. आम्ही त्या दिवशी सासूबाईंना घेऊन परत फिरलो, अपॉइंटमेंट गेली, आठ दिवसांनी पुन्हा गेलो. त्याबद्दल कधीच वाईट वाटलं नाही.

टर्बोमिस्त्री
इंद्रावती ताई, हे प्रत्येक गाडीच्या काचेवर लिहून ठेवावं असं आहे. शिवाय एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं तर डिझेल इंजिनचे कनेक्टिंग रॉड वाकतात, इंजिनच संपतं. पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये.

निलगिरीच्या_देशात
मेलबर्नहून. आमची डिझेल प्राडो, तीही जुनीच घेतली. मागे कॅरव्हान जोडून आई-बाबांना ग्रेट ओशन रोडने नेलं होतं. इथं व्हिक्टोरियात विकणाऱ्याला रोडवर्दी सर्टिफिकेट (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला) द्यावं लागतं आणि दोन डॉलरमध्ये पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत कर्ज, चोरी, राइट-ऑफ (विमा कंपनीनं बाद केलेली) सगळं कळतं. गोदाकाठ यांचं वाचून वाटलं, ही नोंद किती मोठी गोष्ट आहे.
आई सगळा रस्ताभर म्हणत होती, समुद्र आपल्या आंजर्ल्यासारखाच आहे. अगदी गाडीत वळून वळून दाखवायची.

काजूची_बी
आंजर्ले!! कड्यावरचा गणपती! आमचं आजोळ. तुमचं घर कुठल्या वाडीत?

निलगिरीच्या_देशात
अरे वा. व्यनि (खाजगी निरोप) करते.

शाळेची_वेळ
आमचं चुकलं ते लिहिते, कुणाला उपयोग होईल. तीन वर्षं जुनी बीएस ६ डिझेल घेतली, फोर बाय फोर, मोठी. वापर काय, सकाळी शाळा चार किलोमीटर, संध्याकाळी क्लास तीन किलोमीटर. सहा महिन्यांत डीपीएफचा दिवा. धुरातली काजळी अडवणारी जाळी असते ती, आणि ती जाळून साफ व्हायला गाडी सलग वेगात चालावी लागते. आमची कधी नीट तापतच नव्हती. आता दर दुसऱ्या रविवारी सगळ्यांना घेऊन हायवेला एक तास जातो. मुलांना आवडतं, पण डिझेलचा खर्च आहेच. ज्यांचं फिरणं शहरातच आहे त्यांनी पेट्रोल बघावं असं मनापासून वाटतं.

आबांचा नातू
धागा कालपासून वाचतोय, आज लिहायला अकाउंट काढलं. आमचे आबा ८४ वर्षांचे. परवा जुनी फोर बाय फोर घेतली, रविवारी पहिल्यांदा मळ्यात न्यायचंय. कागद, बेल्ट, धूर, सगळं बघितलं. पण सीट एवढी उंच की आबांना चढताच येत नाही. बाजारातली फूटरेस्ट पण त्यांना उंच पडते. मातीवाट दादा, त्या पायरीचं माप मिळेल का?

मातीवाट
नक्की. परवा त्या मालकांना विचारून टेपनं मोजूनच आणलंय, का कुणास ठाऊक.
जमिनीपासून ९ इंच उंची, लांबी १८, रुंदी १०. वर चेकर्ड प्लेट लावा, साधा पत्रा पावसात घसरतो. वेल्डिंग चेसिसलाच, फूटरेस्टला नको, आणि त्याआधी बॅटरीची वायर काढून ठेवायला सांगा. पहिल्यांदा आम्ही पक्की बसवली तर चाकोरीत घासून वाकली, म्हणून मग बिजागरी लावून वर उचलायची केली, पिन घालून. दाराच्या खांबाला आतून एक धरायची कडी लागेल, पायरीपेक्षा आजीला तिचाच जास्त आधार होता. कडीची उंची आबांना उभं करून, त्यांचा हात जिथे सहज पोचतो तिथे खूण करून ठरवा.
चढताना उजवा पाय आधी टाकतात की डावा तेही बघून घ्या, त्यावर पायरी पुढे घ्यायची की मागे ते ठरतं.

आबांचा नातू
डावा. आत्ताच विचारलं.